पाठची

भिलाईत आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बाबा रेल्वेत. कारखाना उभा राहत होता आणि त्याच्यासाठी टाकायच्या रुळांच्या कामावर त्यांची नागपूरहून बदली झाली होती. कॅम्पातल्या पत्र्याच्या खोलीत सामान लावून होतं न होतं, तोच शेजारच्या काकूंनी मला विचारलं, "तुह्या पाठीवर कोण हाय वं?" मी मान वळवून खरोखरच पाठ पाहिली. काकू हसल्या. पाठीवर म्हणजे माझ्यानंतर जन्मलेलं, हे आईनं समजावलं. माझ्या पाठीवर एकच बहीण होती, पाच वर्षांची.

ती माझी पाठ सोडत नसे. मी पाढे पाठ करायची आणि तिचे माझ्या आधी पाठ होत. बाबा तिची पाठ थोपटत आणि मला राग येई.

एप्रिलमध्ये शाळा सकाळची झाली. एके दिवशी निम्म्या वाटेवर मागे वळून पाहिलं, तर ही अनवाणी पळत येत होती.

"मले बी येऊ दे न."

"घरी जाय. शाळेतली बहेनजी मले रागावते."

ती हलेना. मी पाठ फिरवली आणि चालू लागले. पुन्हा वळून पाहिलं नाही.

साडेअकराला परतले, तर रुळांखाली घालायच्या लाकडी स्लीपरांच्या ढिगाशी ती बसलेली. सकाळी तिथे सावली असणार, आता लखलखीत ऊन होतं. "तुही वाट पाहून राहिली होती," एवढंच म्हणाली. तिला उभं राहवेना. मी तिला पाठीवर घेतलं. तिचा गाल माझ्या मानेला चटका देत होता.

दारातच आईनं विचारलं, "तुह्यासंग शाळेत होती न?"

"हो," मी म्हणाले. "माह्याजवळच बसली होती."

आईनं कांद्याचा रस चोळला, कैरीचं पन्हं पाजलं, ते तिनं ओकून टाकलं. दवाखान्यात उन्हाची लू लागली म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

आईनं मला काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. त्यानंतर कोणी पाठच्या भावंडांचं विचारलं, की आई चटकन दुसरा विषय काढायची.

अकरा वर्षांनी माझं लग्न ठरलं. नवरीबरोबर पाठराखीण म्हणून कोणाला पाठवायचं, यावर बायकांची चर्चा सुरू झाली. मावशी म्हणाली, "माही पोरगी जाईन न." आई एकदम तुटकपणे म्हणाली, "कोणी नाही जाणार. एकटीच जाईन ते."

निघायच्या आधी आई आतल्या खोलीत माझी पेटी बांधत होती. मी दार लोटलं.

"आई, ते शाळेत आलीच नव्हती. मी तिले रस्त्यातूनच परत धाडलं होतं. मी खोटं बोलली."

आईचे हात थांबले नाहीत. दोरीची गाठ मारून ती म्हणाली, "मालूम हाय मले. तुही बहेनजी भेटाले आली होती तवाच बोलली, छोटी तो क्लास में आई ही नहीं थी."

"मंग कावून नाही बोलली मले?"

"काय बोलू? नऊ वर्साची होती तू. झोपेत तिचं नाव घेऊन दचकत होती. तुले इचारलं असतं, तर तू बी गेली असती माह्या हातची." मग म्हणाली, "अन् मी बी तर घरातच होती न. पोरगी दारातून गेली, मले पत्ता नाही. तुह्यासंगच असन म्हणून मी बी पाहाले नाही निघाली."

ती पेटीवरच बसली. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच आम्ही दोघी मिळून तिच्यासाठी रडलो. बाहेर बायका एकमेकींना सांगत होत्या, रडू द्या, लेक सासरी चालली आहे.