जपून ठेवलेले बूट

"घ्या की मच्छूभाऊ! शिक्का त्योच, रंगबी त्योच. लांबून कुनाला कळतंय?" मिरजगावच्या बाजारात बूट विकणारा सैफ म्हणाला.

"मला कळतंय की. दुसऱ्याच्या नावाचा शिक्का चोरून मारलेला बूट घालून मी न्हाई पळायचा."

"मग अस्सल हुते त्येच घालायचे! का त्येंचं लगीन लावायचं हुतं?"

एका ठरावीक कंपनीशिवाय दुसरा बूट मच्छिंद्रनं कधी पायात घातला नव्हता. शेवटचा जोड त्यानं दोन वर्षांनी येणाऱ्या जत्रेतल्या शर्यतीसाठी पत्र्याखालच्या माळ्यावर जपून ठेवला आणि सराव मात्र अनवाणीच केला. काल बूट काढले, तर पायात घालताच पत्र्याच्या उष्णतेनं सुटलेला तळ सालपटासारखा निघून आला. कंपनीनं तसा बूट काढायचं कधीच बंद केलं होतं.

तसा हलका बूट घालून पुन्हा एकदा सुसाट सुटावं, असं त्याला लई वाटत होतं. सैफचा जोड त्यानं हातात घेतला, नव्या रबराचा वास घेतला आणि ठेवून दिला.

"मग शर्यत?"

"शर्यतीत अनवाणी पळू देत न्हाईत. यंदा बघायला यीन."

घरी म्हैस हंबरत होती. बाह्या वर सारून मच्छिंद्र बादली घेऊन धारेला बसला.