एक फळी उघडी

सायमन सर गेल्याची बातमी देणारा फोन मी दोनदा कापला. समोर सुरतेचा दलाल बसला होता, शर्टिंगच्या मालाचा सौदा ठरत आला होता, आणि अशा वेळी मध्येच फोन घेतला की समोरच्याला दम खायला वेळ मिळतो, हे मला धंद्यानं शिकवलंय. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा चिडून उचलला. ॲग्नेस होती, सरांची मुलगी. "काका, पप्पा गेले," एवढंच म्हणाली. मी विचारलं, "कधी?" तर म्हणाली, "आत्ताच... जेवून खुर्चीत बसले होते." दलाल अजून समोर बोटं नाचवत होता. मी त्याच्याच भावानं माल घेतला आणि त्याला उठवलं. असं मी आधी कधी केलं नव्हतं.

सर आणि मी चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण असे लेख मी वाचतो तेव्हा लिहिणाऱ्याचं गेलेल्या माणसाशी कधी वाकडं असल्याचं दिसत नाही. माझं होतं. त्यांना मूठमाती देतानासुद्धा होतं. तिथं उभा राहून मी मनात म्हणत होतो, एक हाक मारली असती तर काय बिघडलं असतं, सर?

सर पहिल्यांदा दुकानात आले ते पडद्यासाठी कापड घ्यायला. माझं रविवार कारंजाजवळचं दुकान तेव्हा नवं होतं. त्याआधीची काही वर्षं मी अंबडच्या कारखान्यांच्या गेटवर, पगाराच्या दिवशी, सायकलला पँटपीस बांधून उभा राहत असे. त्यामुळे गिऱ्हाईक पायरी चढलं की त्याच्या चपलेवरून मी अंदाज बांधायचो. ह्या माणसाच्या चपलेवर खडूची भुकटी होती. मास्तर, म्हणजे चिकट गिऱ्हाईक, असं समजून मी भाव चढवूनच सांगितला. सर "बरं" म्हणाले आणि पाकीट काढलं. मला इतका राग आला! भाव न करता घेणारं गिऱ्हाईक म्हणजे समोर कुस्तीला उतरून आडवा झोपणारा पैलवान. मी म्हणालो, "अहो, काहीतरी कमी करा म्हणा की." ते म्हणाले, "तुम्हाला कमी करायचं असतं, तर तुम्ही आधीच सांगितलं असतं ना?" मी निमूटपणे भाव कमी केला. सर मिशनच्या शाळेत इतिहास शिकवायचे. त्यांना सिनेमाचा पडदा हवा होता, तोही बिनशिवणीचा. एवढ्या रुंद पन्ह्याचं कापड माझ्याकडे नव्हतं. मी छातीठोकपणे म्हणालो, "मधून अशी शिवण घालून देतो की दिसणार नाही." दिसली. अगदी मधोमध, उभी, ज्याच्या त्याच्या तोंडावरून जाणारी. सरांनी कधी तक्रार केली नाही.

त्या पडद्यावर ते एकच सिनेमा दाखवायचे. त्यांच्या शाळेत एक इटालियन फादर होते, ते मायदेशी परतताना सरांना त्याची डीव्हीडी देऊन गेले. जुन्या काळातल्या एका संताचं चरित्र, भाषा इटालियन, खाली इंग्रजी अक्षरं. दर वर्षी ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात सर तो सिनेमा शाळेच्या हॉलमध्ये लावायचे, आणि जीपमधून सगळं सामान घेऊन सुरगाण्याकडच्या पाड्यांवरही न्यायचे. बघणाऱ्यांना ना इटालियन कळायचं ना इंग्रजी, म्हणून आवाज बारीक करून सर पडद्याशेजारी माईक घेऊन उभे राहायचे आणि सगळ्यांचं बोलणं मराठीत बोलायचे. संताचं, बिशपांचं, भिकाऱ्याचं, बाजारातल्या बायकांचं. त्या संताचं नाव मला आजही धड घेता येत नाही. मी त्याला 'कापडवाल्याचा पोरगा' म्हणायचो, कारण तो होताच तसा. बाप बडा कापड व्यापारी. पोरगा बापाच्या दुकानातले तागे विकून एक पडकं देऊळ दुरुस्त करायला निघतो. बाप त्याला भर चौकात बिशपांपुढे उभा करतो. तेव्हा पोरगा अंगावरचे कपडे उतरवून बापाच्या पायाशी ठेवतो आणि म्हणतो, आजपासून माझा बाप वर स्वर्गात आहे, हा नाही.

हे सगळं मला सरांनी दुकानात बसून सांगितलं होतं. रोज आठला मी शटर अर्ध्यावर ओढायचो. गिऱ्हाइकाला कळावं की दुकान बंद झालं, आणि ओळखीच्या माणसाला वाकून आत येता यावं. सर ट्यूशन घेऊन परत जाताना स्कूटर लावायचे, वाकून आत यायचे आणि पाव तास बसायचे. त्यात आमचं निम्मं भांडण त्या बापावरून व्हायचं. मी म्हणायचो, "सर, तुमचा संत मोठा, मान्य. पण तागे कोणाचे? बापानं उन्हातान्हात हिंडून आणलेले. दुसऱ्याच्या कापडावर पुण्य करायला काय लागतं?" सर हसायचे. म्हणायचे, "निवृत्तीशेठ, हा बाप मला जमत नाही बघा. बाकी सगळ्यांचं बोलता येतं, त्याचंच बोलणं पुस्तकी वाटतं." मी म्हणायचो, "वाटणारच. तुम्ही कधी कापड विकलंय? मला विचारा तो काय म्हणाला असेल." आणि मग मी सांगायचो, आवाज चढवून, गल्ल्यावर हात आपटून. सर ऐकत राहायचे. डोळे असे बारीक करून... तेव्हाच मला कळायला हवं होतं.

इतकी वर्षं बोलावूनही मी सिनेमाला कधी गेलो नव्हतो. आठची वेळ, धंदा, काहीतरी असायचंच. चार वर्षांपूर्वी गेलो. हॉल भरलेला, आमच्या बाजारातलेही पाचसहा जण आलेले. पडद्यावर तो बाप दुकानात उभा राहून गिऱ्हाइकापुढे तागा उलगडतो, आणि सरांच्या तोंडून येतं, "आधी हात लावून बघा, मग तोंड उघडा!" माझं वाक्य. रोज दहा वेळा म्हणतो मी. आवाजही माझाच, नाकात जाणारा. हॉल खदखदून हसला. बाजारातले वळून माझ्याकडे बघायला लागले. शेजारचा भांडीवाला म्हणाला, "शेठ, तुम्ही इटलीला कधी गेलता?" पुढे चौकातला प्रसंग आला. बाप पोराला ओढत आणतो, आणि पुन्हा माझंच बोलणं. "ह्याला काय, तागे झाडाला लागतात? एकेक वार मी पाठीवर वाहिलाय!" लोक पुन्हा हसले. समोर पोरगा कपडे उतरवत होता, तो सोन्यासारखा, आणि बाप म्हणजे मी, दगड. कानशिलं तापली. मी उठलो.

आता इथं धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. गिऱ्हाईक भाव पटला नाही की उठतं, पण ते जायला उठत नाही. पायरी हळू उतरतं, चप्पल सावकाश घालतं. दुकानदारानं हाक मारावी म्हणून. "अहो, या, बसा तर खरं!" ती हाक आली की दोघांचीही अब्रू राहते. मी हॉलमधून तसाच निघालो. दारात थांबून चप्पल घातली, बक्कल लावलं, काढलं, पुन्हा लावलं. सर बोलत राहिले. बिशपांचं बोलणं चाललं होतं. हाक आली नाही.

दुसऱ्या दिवशी आठला शटर अर्ध्यावर ओढून मी बसलो. अर्ध्या शटरखालून रस्त्याचा गुडघ्याखालचाच भाग दिसतो. सरांच्या स्कूटरचं चाक ओळखू यायचं, पुढच्या मडगार्डला तार बांधलेली होती. चाक सावकाश झालं. एक सँडल जमिनीला टेकली. मी वही उघडून बसून राहिलो. येऊ दे वाकून, म्हटलं, चूक त्यांची आहे. सँडल उचलली, चाक गेलं. असं एक दिवस नाही, चार वर्षं. रोज नाही, पण आठवड्यातून चारपाच वेळा तरी. मुलगा म्हणायचा, "अण्णा, शटर एकदाचं पूर्ण ओढा की, झालं ना सगळं?" मी म्हणायचो, "थांब, हवा येतेय."

सर गेल्यावर तीन आठवड्यांनी ॲग्नेस दुकानात आली. म्हणाली, "काका, सुरगाण्याच्या पाड्यावरून निरोप आलाय. उपवासकाळ आहे, सिनेमा आणा म्हणतात. मी जातेय. तुम्ही याल?" मी विचारलं, "माझं काय काम तिथं?" ती म्हणाली, "पडदा तुमचा आहे ना." सरांचीच मुलगी, भाव न करणारी. मी दुकान मुलावर सोपवलं आणि निघालो.

दुपारची वेळ होती. पाड्यावरच्या शाळेच्या खोलीच्या खिडक्यांना गोधड्या लावून अंधार केला होता. पडदा दोन खिडक्यांच्या गजांना बांधला. इतक्या वर्षांनी पिवळट झालेला, आणि मधोमध माझी शिवण. ॲग्नेसच्या हातात सरांचं टिपण होतं. तिनं माईक घेतला, म्हणाली, "फार जुन्या काळी एका गावात एक कापडवाला..." आणि तिचा आवाज बसला. पडद्यावर बाजार सुरू झाला होता. मग पुढच्या रांगेतला एक म्हातारा बसल्याबसल्याच म्हणाला, "...एक कापडवाला राहत होता, त्याचं दुकान लय मोठं." मागून एक बाई म्हणाली, "पोरगा एकच, लाडाचा." आणि सिनेमा चालू झाला. माईकशिवाय. कोणी संताचं बोललं, कोणी भिकाऱ्याचं. सरांनी वर्षानुवर्षं सांगितलेलं त्यांना सगळं पाठ होतं. आणि बाप पडद्यावर आला तशी अख्खी खोली, पोराबाळांसकट, एका आवाजात ओरडली, "आधी हात लावून बघा, मग तोंड उघडा!"

माझी कानशिलं पुन्हा तापली. पण इथं कोणी माझ्याकडे वळून बघत नव्हतं. मला कोणी ओळखतच नव्हतं. आणि ते हसत होते ते आपल्या घरातल्या माणसाला हसतात तसे.

चौकातला प्रसंग झाला. ह्यापुढचं मी कधी पाहिलेलं नव्हतं. पडद्यावर तो पोरगा उघड्या अंगानं माळावरून चालत निघाला होता, दूर, बारीक होत. बाप कुठंच नव्हता. माझ्या शेजारी एक आजी बसली होती, ती पडद्याकडे बघत संथपणे म्हणाली, "बाप घरी गेला. जेवला नाय. सांजंला दुकानाच्या फळ्या लावल्या, पण एक फळी उघडी ठेवली. म्हणला, पोरगा आला तर वाकून आत येईल. रोज एक फळी उघडी ठेवायचा."

मी तिला म्हणालो, "आजी, हे कुठं दाखवलंय? तिथं तर नुसता माळ आहे."

"पडद्यावर नाय ते," ती म्हणाली. "सर सांगायचे."

"कधीपासून?"

"आधी नाय सांगायचे. आता तीन-चार वर्षं झाली." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाप वाईट नाय. तापट हाय. पोरगा पण यायचा म्हणं दुकानापुढं, थांबायचा, जायचा. आत का नाय गेला, विचारलं मी सरांना. सर म्हणले, बापानं बोलावलं नाय, आणि पोराला वाटलं, बाप अजून रागात हाय."

पुढे सिनेमात काय झालं ते मला दिसलं नाही. मी शिवणीकडे बघत बसलो होतो.

चार वर्षं मी एकच हिशेब धरून बसलो होतो, की उठलेल्याला हाक मारायची असते. बरोबर होता तो, हॉलपुरता. पण शटरपुढे चाक सावकाश व्हायचं, सँडल टेकायची, तेव्हा दुकानात बसलेला कोण होता? आणि पायरीवरून परत जाणारा कोण? हाक आतल्यानं मारायची असते. ज्या गोष्टीवर मी पोट भरलं, तीच मला शटरखालून दिसली नाही. आणि ज्या माणसाला भाव कधी करता आला नाही, त्यानं कोणाला न सांगता, दूर डोंगरात, माझी बाजू एका दुसऱ्याच बापाच्या नावानं सांगून ठेवली होती.

निघताना आजीनं ॲग्नेसचा हात धरला. "बाई, मंग तो पोरगा आला का? सर दर साली म्हणायचे, पुढल्या वर्षी सांगतो." ॲग्नेसला काही कळेना. तिच्या टिपणात फळीचा शब्दही नव्हता. ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "आला असता, आजी. बाप बोलायला उशिरा शिकला."

आजीला ते पटलं नाही. "हे काय सांगणं झालं?" म्हणाली. तिचं बरोबर आहे.

सरांना जाऊन आता पाच आठवडे झाले. आठला मी शटर अर्ध्यावर ओढत नाही. सव्वाआठपर्यंत पूर्ण वर ठेवतो आणि पुढच्या बाजूला, रस्ता दिसेल असा बसतो. मुलगा कुरकुरतो. एखादी स्कूटर समोर सावकाश झाली की माझ्या तोंडून निघून जातं, "या, सर, बसा तर खरं." दोनचार अनोळखी माणसं त्या हाकेनं खरंच आत आली. मी त्यांना बसवतो, कापड दाखवतो, पहिलाच भाव कमी सांगतो. तरी घासाघीस करतात. सांगितला भाव ऐकून नुसतं "बरं" म्हणणारा अजून एकही आलेला नाही.