आमच्या टीमने घेतलेला गडी

त्या पोराचा हात खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत किती इंच लांब आहे, हे मला आजही पाठ आहे. पहिल्या दहा यार्डांना त्याला किती सेकंद लागतात, वळताना तो आतला खांदा किती खाली घालतो, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी गुडघा दुखावला तेव्हा किती मॅच बाहेर बसला, सगळं पाठ. बायकोच्या चपलेचा नंबर विचारा, सांगता येणार नाही. हा पोरगा बावीस वर्षांचा, अमेरिकेतला, तिकडचं फुटबॉल खेळणारा. त्याला मी कधी भेटलो नाही, भेटणारही नाही. आणि त्याच्या नादात मी जे करून बसलो ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे त्याच्या नादात असंही नाही, उगाच त्या बिचाऱ्यावर कशाला ढकलू.

मी बहारीनमध्ये, सित्राला एका मेन्टेनन्स कंपनीत इंजिनियर आहे. राहतो जुफैरला. बायको-मुलगी भारतात होत्या त्या काळात आमच्या बिल्डिंगखाली एक कॅफे होता, तिथे नेव्ही बेसवरचे गोरे लोक जमायचे आणि मोठ्या पडद्यावर त्यांचं फुटबॉल लागलेलं असायचं. शुक्रवारी मी तिथे जायचो भाऊंबरोबर. भाऊ म्हणजे आमच्या वर्कशॉपमधले पंपांचे हेड टेक्निशियन, अमरावतीकडचे, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. त्यांना अख्खं वर्कशॉप भाऊ म्हणायचं, केरळचे आणि नेपाळचे लोकसुद्धा. कागदावर मी त्यांचा साहेब. चारचौघांत ते मला साहेबच म्हणत, गेटच्या बाहेर पडलो की तू.

तो खेळ मला पहिले सहा महिने काडीइतकाही कळला नाही. सगळे एकमेकांच्या अंगावर पडतात आणि मग शिट्टी वाजते, एवढंच. भाऊंनी शेजारच्या टेबलावरच्या एका खलाशाला विचारून विचारून सगळे नियम काढून घेतले आणि मग मला समजावले. “बाकीच्यांची धक्काबुक्की सोड. हा एक गडी पाह्य. याले एकच काम हाय. त्या फेकणाऱ्याच्या हातून बॉल सुटाच्या आत त्याले जाऊन गाठाचं.” त्या गड्याला पास रशर म्हणतात. आम्ही जी टीम धरली तिच्याकडे नेमका तोच नव्हता. ती टीमही भाऊंनीच निवडली, त्या वर्षी सगळ्यात जास्त हरलेली म्हणून. समोरचा फेकणारा आमच्यासमोर आरामात उभा राहायचा, हवं तिकडे बघायचा, मग बॉल टाकायचा. नऊ वर्षं आम्ही हे पाहिलं. माझं डोकं फिरायचं, मी शिव्या घालायचो, आणि भाऊ म्हणायचे, एक गडी भेटला पाह्यजे, बस.

दर एप्रिलमध्ये तिकडे कॉलेजच्या पोरांतून टीमा आपापले नवे गडी निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. जी टीम जास्त हरली तिचा नंबर आधी. हरण्यात आमची टीम कुणाला ऐकत नाही, त्यामुळे नंबर वरचाच. त्या जानेवारीपासून हा पोरगा आमच्या डोळ्यांत भरला. रोज जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपच्या मागे सावलीत बसून आम्ही त्याचे व्हिडिओ बघायचो. मी तर हात धुऊनच मागे लागलो होतो. टीमच्या चाहत्यांचा एक इंटरनेटवरचा कट्टा आहे, जगभरातले वेडे तिथे भांडत असतात. तिथे मी इंग्रजीत चांगली दोन पानं लिहिली: हाच पोरगा का घ्यावा, त्याचं पहिलं पाऊल कसं पडतं, थकल्यावरही तो हात कसे खाली सोडत नाही. डिक्शनरी घेऊन बसलो होतो चक्क. एका अमेरिकन माणसाने खाली लिहिलं की याला माणूस पारखायची नजर आहे. आठवडाभर मी हवेत होतो.

त्याच फेब्रुवारीत कंपनीत अप्रेझलचे फॉर्म आले. मॅनेजर नवा होता. त्याने आम्हा इंजिनियरांना बसवून सांगितलं की सगळ्यांना पाचपैकी चार-पाच वाटत सुटू नका, मला खरा फरक दिसला पाहिजे. आता, आदल्या वर्षी मी भाऊंना पाच दिले होते तेव्हा कँटीनमध्ये एकाने हसत हसत विचारलं होतं, तुमच्या महाराष्ट्राचा कोटा आहे का हा. ते मला फार लागलं होतं. आमच्या आखातातल्या मराठी माणसाची ही एक खोडच आहे. इतर लोक आपल्या गावच्या माणसाला ओढून वर घेतात, आणि आपण मात्र कुणी काही म्हणू नये म्हणून आपल्याच माणसाच्या बाबतीत हात आखडता घेतो, वर त्याला निःपक्षपातीपणा म्हणतो. मी बाकीच्या दहा जणांच्या फॉर्मवर तीन-तीन, चार-चार ओळी लिहिल्या. भाऊंच्या फॉर्मवर आकडा टाकला तीन, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिला एक शब्द. सॅटिस्फॅक्टरी. म्हणजे समाधानकारक. वाटलं, भाऊ काय, आपलेच आहेत, त्यांना कुठे फरक पडतो. सही केली आणि त्या पोराचा नवा व्हिडिओ आला होता तो बघायला मागे सावलीत गेलो. भाऊ तिथे माझी वाट बघत होते.

ड्राफ्ट आमच्याकडे शुक्रवारी पहाटे लागतो. आम्ही तो माझ्या घरी एकत्र बघणार असं महिनाभर आधी ठरलं होतं. गुरुवारी मी दुपारीच ऑफिसमधून निघालो, मुलीच्या शाळेत पालकांची मीटिंग होती. संध्याकाळी भाऊंचा मेसेज आला की तब्येत ठीक नाही, तू पाह्य. मी जरा रागावलोच. नऊ वर्षांनी हा दिवस येतो आणि यांना आजच ताप यावा.

आणि घेतला हो त्याला. आमच्या टीमने त्यालाच घेतला. माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्याने बायको धावत बाहेर आली, तिला वाटलं भारतातून काही फोन आला. मुलगी दारात उभी राहून म्हणाली, बाबा, यू आर सो एम्बॅरसिंग. म्हटलं होऊ दे. कट्ट्यावर लोक रडत होते, एकाने तर दंडावर त्याचा नंबर गोंदवून घ्यायचं जाहीर केलं. माझ्या जुन्या दोन पानांखाली लोक पुन्हा येऊन मला शाबासकी देत होते. मी भाऊंना फोन लावला. पूर्ण वाजला. परत लावला. मेसेज केले, निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. शनिवारीही नाही. मग मीही इरेला पेटलो. म्हटलं, जा, मीही आता फोन करणार नाही.

पण रविवारी सकाळी राहवेना. आमच्यात आनंदाची बातमी नुसती तोंडाने सांगत नाहीत, आधी हातावर पेढा ठेवतात. मनामातल्या मिठाईवाल्याकडून किलोभर पेढे घेतले आणि बॉक्स घेऊन थेट वर्कशॉपमध्ये शिरलो. कुणाला त्या खेळाचं काही कळत नाही, पण म्हटलं गोड तर खातील. मी एकेकाच्या हातावर पेढा ठेवत चाललो. कुणी विचारलंच नाही कशाचा म्हणून. एका नेपाळी फिटरने माझ्याकडे न बघता पेढा घेतला आणि तसाच बाकावर ठेवून दिला. चौथ्या-पाचव्या माणसापाशी आमच्या केरळच्या फोरमनने मला कोपराला धरून बाजूला घेतलं आणि हळूच हिंदीत म्हणाला, सर, ये आज मत बाँटिए. मग त्याच्याकडून कळलं. गुरुवारी संध्याकाळी सात जणांना नोकरी संपल्याची पत्रं दिली होती. इंजिनियरांत कुणालाच हात लागला नव्हता. सगळ्यांना वाटलं होतं, साहेब वाचले म्हणून पेढे वाटतायत.

सातांत भाऊ होते. बॉक्स कुठे लपवू असं झालं, तेवढ्यात ते लॉकरकडून आले. पेढे कशाचे आहेत हे त्यांना एकट्याला कळलं होतं. त्यांनी स्वतःच्या हाताने एक उचलला, अख्खा खाल्ला.

“अभिनंदन, साहेब. गडी चांगला भेटला टीमले.”

मी काहीतरी पुटपुटलो, की मला माहीत नव्हतं, मी आत्ता जाऊन बोलतो. ते म्हणाले, “एचआरनं कागद दाखवला मले. तीन आकडा, एक शब्द. खाली सही तुमची.” आवाज चढलेला नव्हता. बाजूला कुणी ऐकत नव्हतं, तरी ते मला तुम्ही म्हणत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मी तसाच मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, चूक झाली, त्या माणसाला मी पाच द्यायला हवे होते, आत्ता फॉर्म बदलून देतो. त्याने शांतपणे कॉम्प्युटरवर माझा फॉर्म उघडला, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि विचारलं की तेव्हा खोटं लिहिलं होतंस, की आता खोटं बोलतोयस. खाली मान घालून बाहेर आलो. खलास. भाऊंची अकरा वर्षांची नोकरी, आणि ती घालवायला मला पाच मिनिटंही लागली नव्हती.

मला स्वतःची इतकी चीड त्याआधी कधी आली नव्हती. काही दुष्टपणा केला असता तर निदान समजून तरी घेता आलं असतं. मी भाऊंचं वाईट चिंतलं नव्हतं, त्यांचा विचारच केला नव्हता. न पाहिलेल्या एका पोरासाठी डिक्शनरी काढून दोन पानं खरडली, आणि रोज ज्यांच्या डब्यातली भाजी खाल्ली त्यांच्यासाठी दुसरा शब्द शोधला नाही. त्या पोराला माझ्या दोन पानांचा काय उपयोग होता? त्याला निवडणाऱ्यांनी ती वाचलीसुद्धा नसतील. भाऊंना चार ओळी पुरल्या असत्या.

पुढचे तीन आठवडे भाऊ कामावर येत होते, वेळेवर, नेहमीसारखे. जेवणाच्या सुट्टीत मागे सावलीत मात्र कुणी बसेना. नोटिशीचा महिना संपला की त्यांचा व्हिसा रद्द होणार होता. त्यांचं वय चोपन्न, या वयात आखातात दुसरी नोकरी लागणं मुश्किल. त्यांच्या मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष बाकी होतं, ते होईपर्यंत थांबायचं आणि मग कायमचं अमरावती, असा त्यांचा साधा हिशेब होता. एक ओमानची जागा निघाली होती, ती मिळाली तर ते जमणार होतं. हे मला त्यांच्याकडून नाही, फोरमनकडून कळत होतं. इकडे कट्ट्यावर रोज नवा व्हिडिओ: पोराने जर्सी घातली, पोराने पहिला सराव केला, पोराची आई रडली. मी उघडायचो आणि बंद करायचो. एके दिवशी ते ॲपच काढून टाकलं.

मग एका शुक्रवारी दुपारी जेवणं झाल्यावर बेल वाजली. भाऊ होते. आत आले, बायकोने चहा टाकला, मुलीशी शाळेबद्दल दोन शब्द बोलले. मग मला म्हणाले की ओमानवाल्यांना ज्याच्या हाताखाली काम केलं त्या इंजिनियरचं पत्र पाहिजे आहे, रविवारच्या आत. तुम्हाला जमेल का. एवढंच. मागचं काही काढलं नाही. मला वाटलं होतं शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी तिथेच जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. लिहायला लागलो आणि थांबता येईना. त्या ऑगस्टबद्दल लिहिलं, जेव्हा त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हर पंपाला टेकवून त्याची मूठ कानाला लावली होती आणि म्हणाले होते, तासाभरात हा बंद करा. पंप बनवणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणत होता काही झालेलं नाही, आणि उघडल्यावर बेअरिंग जळून निळं पडलेलं निघालं. लिहिलं की प्लांटमधला कुठला पंप कसा वाजतो हे त्यांना डोळे मिटून ओळखता येतं. की मशीनची वीज तोडल्याचं कुलूप स्वतः हाताने ओढून बघितल्याशिवाय त्यांनी आपल्या एकाही माणसाला आत हात घालू दिला नाही, आणि अकरा वर्षांत त्यांच्या हाताखालच्या कुणाला साधं खरचटलं नाही. की आज दुसऱ्या कंपन्यांत हेड झालेले चार जण त्यांच्याकडे शिकलेले आहेत. की चूक झाली तर ते आधी स्वतःचं नाव सांगतात. दोन पानं भरली. प्रिंट काढली, सही केली आणि त्यांच्या हातात दिली.

भाऊंना इंग्रजी सावकाश वाचावं लागतं. त्यांनी चष्मा लावला, एकेका ओळीखालून बोट फिरवत वाचलं. पहिलं पान झालं, दुसरं झालं. चहा निवून गेला. बायको आतून विचारायला आली आणि तशीच परत गेली. मग त्यांनी चष्मा काढला, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

“एवढं सगळं माहीत होतं तुले?”

मी हो म्हणालो.