झाकलेलं मॉडेल

नव्या सिलिकोनचा वास आला की मला मस्कतच्या कुरुम भागातलं ते संक्रांतीचं हळदीकुंकू आठवतं आणि अजून डोकं फिरतं. मी तेव्हा तिथे नवखी फिजिओथेरपिस्ट होते. बाळंतपणानंतर सैल पडणाऱ्या स्नायूंचे व्यायाम बायकांना शिकव, असं यजमानीणबाईंनीच सांगितलं होतं, म्हणून मी कंबरेखालच्या अवयवांचं नवंकोरं सिलिकोनचं मॉडेल घेऊन गेले. बंद हॉलमध्ये अत्तर, मोगरा आणि तिळगुळाचा वास कोंडला होता. मी मॉडेल टेबलावर ठेवताच बाईंनी वाणाच्या ढिगातला एक जांभळा सुती ब्लाउजपीस ओढून त्यावर टाकला. "अगं, पुरुष मंडळी येतायत-जातायत. तोंडी सांग ना. आमच्या आयांना कुणी मॉडेलं दाखवली होती?" मागून एकीने हळूच विचारलं, शिंकताना लघवी होते, त्यावर काही करता येतं का. "सगळ्यांनाच होतं, त्यात काय विचारायचं," बाईंनी तिलाही गप्प केलं. ती मान खाली घालून तिळगूळ चघळत राहिली, बाकीच्या जणी बांगड्या सारख्या करत बसल्या. मी मॉडेल पिशवीत कोंबलं. दारात बाईंनी मला कुंकू लावलं आणि "राग नको हं मानू" म्हणत तोच ब्लाउजपीस वाण म्हणून हातात दिला. मी तो शिवला नाही. आता ओमानमधल्याच निझव्यात नर्सना शिकवते तेव्हा मॉडेल टेबलावर उघडं असतं, आणि वर्ग संपला की मी ते त्याच ब्लाउजपीसने पुसते.