गुरुवारची बॅटरी

मी माझ्या वडिलांच्या ऑक्सिजनवर नारळ फोडला.

नेमकं सांगायचं तर ऑक्सिजनच्या मशीनला वीज देणाऱ्या बॅटरीवर. पण आमच्या नातेवाइकांत ही गोष्ट पहिल्या वाक्यासारखीच सांगितली जाते, आणि तीत दुरुस्ती सुचवण्याचा अधिकार मी गमावला आहे.

अण्णांची फुप्फुसं दोन वर्षांपासून नावापुरतीच उरली आहेत. पलंगाशेजारी हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन घरघरतं आणि अण्णा जगतात. मुळात ते कमी बोलणारे. आता श्वास पुरवून वापरायचा म्हणून एका वाक्याला दोन शब्द, फार तर तीन. (अपमानाला तेवढे पुरतात.)

आम्ही वाघोलीत राहतो, चौथ्या मजल्यावर. दर गुरुवारी सकाळी दहाला दुरुस्तीसाठी लाईट जाते ती संध्याकाळी येते. जुना इन्व्हर्टर ते मशीन जेमतेम तासभर ओढायचा. मग लहान सिलिंडर, तो दीड तास. म्हणून दर गुरुवारी अण्णांना सिलिंडरसकट रिक्षात घालून स्वारगेटला बहिणीकडे न्यायचं. शेवटच्या खेपेला येरवड्याच्या सिग्नलवर गाड्या खोळंबल्या आणि अण्णांचे ओठ निळे पडले. घरी आल्यावर ते पलंगावर टेकले. मग म्हणाले, "आता घरीच." आणि दम घेऊन, "काहीही होवो."

हे मी मनावर घेतलं. माझ्या हातून झालेली बहुतेक नुकसानं मी काहीतरी मनावर घेतल्यामुळेच झाली आहेत.

तीस वर्षं मी विमा कंपनीत फाइली हलवल्या. आगीशी माझा संबंध दावे नामंजूर करण्यापुरता. पण निवृत्त माणसाला व्हिडिओ बघायला वेळ असतो, आणि चाळीस व्हिडिओ बघितले की आपण इंजिनिअर आहोत असं वाटू लागतं. नगर रस्त्यावर सलीमभाईंचं भंगाराचं दुकान आहे. त्यांच्याकडे अपघातात चेपलेल्या इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी पडून होती. शाळेच्या दप्तराएवढे बारा डबे. फुगलेले दोन सलीमभाईंनी स्वतःच बाजूला काढले आणि दहा माझ्या गाडीत ठेवले.

"काका, एकच सांगतो," ते म्हणाले. "पाणी नको. थेंबसुद्धा नको."

बॅटरी मी बाल्कनीत एका पेटीत ठेवली आणि ते इतकं पाळलं की तिथली तुळस स्वयंपाकघरात गेली. सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, बाल्कनीत कपडे वाळत घालायची बंदी झाली. बाल्कनीच्या दारावर आतून मी पाटी लावली: 'येथे पाणी आणू नये. तहान लागल्यास आत जावे.'

डबे एकमेकांना आणि इन्व्हर्टरला जोडायला कसबा पेठेतल्या तांबट आळीतून तांब्याच्या पट्ट्या कापून आणल्या. त्या ठोकून बसवायला हातोडी सापडेना, तेव्हा सिलिंडर उघडायचा पाना वापरला. (हा पाना लक्षात ठेवा. मी ठेवला नव्हता.)

आणि बॅटरी चालली हो! गुरुवारी दहाला लाईट गेली, मशीनने क्षणभरही श्वास अडखळू दिला नाही. अण्णांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. साठ वर्षांत त्यांनी माझ्याकडे पाहून मान दोनदाच हलवली आहे, आणि पहिल्यांदा ती आडवी होती.

मला भरून आलं. आमच्या घरात मिक्सरलासुद्धा नारळ फुटला आहे. हिला कसा नाही?

सुनंदा म्हणाली, हळदकुंकू लावा, फूल वाहा, तेवढं पुरे. अण्णा आतून म्हणाले, "नको." अण्णांचं 'नको' मी पंगतीतल्या 'नको'सारखं घेतलं. फोटो चांगला यावा म्हणून बॅटरीच्या पेटीचं झाकण काढलं, हार घातला, शेजारी पाटा ठेवला. पहिल्या दोन घावांना नारळ फुटला नाही. तिसऱ्याला फुटला, आणि त्याचं सगळं पाणी पेटीत गेलं.

आधी काहीच झालं नाही. मग फोडणीत ओला कढीपत्ता पडावा तसा आवाज झाला आणि पांढरा धूर उठला. आत मशीन थांबून टिटि करू लागलं. मी घरात धावलो आणि पाण्याची बादली उचलली.

"अहो, पाटी वाचा," सुनंदा म्हणाली.

तिने सिलिंडर ओढून अण्णांच्या नाकाला नळी लावली. "पाना कुठाय?"

पाना बाल्कनीत होता. पेटीच्या मागे.

अण्णांना दोन शब्दांपुरताही श्वास नव्हता. मी नाकाला पंचा बांधून धुरात शिरलो, चाचपडत हाताला लागेल ते उचललं आणि बाहेर आलो. हातात नारळाची वाटी होती.

सुनंदाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती बाल्कनीत गेली, पाना घेऊन आली आणि पाठीने दार लोटून घेतलं. तिच्या मनगटावर भाजल्याचा डाग अजून आहे. बांगड्या वर सरकल्या की दिसतो, आणि मी कुठेतरी दुसरीकडे बघतो.

लाईट नव्हती, म्हणून लिफ्ट नव्हती. समोरच्या घरातल्या दोन भावांनी अण्णांना खुर्चीसकट चार मजले खाली उतरवलं. मी मागून नारळाची वाटी धरून उतरत होतो. ती खाली ठेवायचं मला सुचलं नव्हतं. अग्निशमन दलाची माणसं आली, बाल्कनीपुरतीच आग आहे म्हणाली, आणि तासभर पाणी मारत राहिली. जाताना त्यांच्यातल्या एकाने माझी पाटी आणून दिली. तिला काहीच झालं नव्हतं. ती त्याने वाचली होती, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

अण्णा पार्किंगमध्ये बसले होते, मांडीवर सिलिंडर घेऊन. काटा अर्ध्यावर आला होता आणि बहीण दुसरा सिलिंडर घेऊन स्वारगेटहून निघाली होती. म्हणजे गुरुवार पुन्हा स्वारगेटलाच. मी त्यांच्या पायाशी बसलो आणि म्हणालो, "अण्णा, चुकलं माझं."

त्यांनी नळी थोडी बाजूला केली. मला वाटलं, "असू दे" म्हणतील. बरोबर दोन शब्द. पण त्यांनी खोल दम घेतला, दोन वर्षांत घेतला नव्हता एवढा.

"पुढचा नारळ स्वतःच्या डोक्यावर फोड," ते म्हणाले. "आत जळण्यासारखं काही नाही."