दुर्बीणबाई

पितळेची कोणतीही जुनी वस्तू हाती आली की दुर्बीणबाई आधी तिच्यावर श्वास सोडत. फुंकर नव्हे, चष्मा पुसण्यापूर्वी सोडतो तसा, घशाच्या तळातून आलेला उबदार, ओलसर श्वास. क्षणभर पितळ आंधळे होई. मग ते धुके विरता विरता, जिथे काहीच नाही असे वाटत होते तिथे, एखादा आकडा हळूच उभा राही. "आला बघा. वाचा, वाचा लवकर, चालला तो," असे बाई म्हणत, आणि तो खरोखरच निघून जाई. कुणी दार किलकिले करून आत डोकावावे आणि ओळखीचे कुणी नाही असे पाहून परतावे, तसा.

करंजाड्याच्या आमच्या इमारतीत त्या माझ्या समोरच्या दारी राहत. एकट्याच. प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्याकडे येणारी कुरिअरची खोकी आणि खोक्यांतून डोकावणाऱ्या पितळी नळ्या पाहून वॉचमनने त्यांना दुर्बीणबाई म्हणायला सुरुवात केली, आणि मग सगळेच म्हणू लागले. हे नाव त्यांना मुळीच आवडत नसे. "दुर्बीण लांबचं दाखवते. मला लांबचं काय करायचंय? माझं सगळं काम वीतभर अंतरातलं," असे त्या वॉचमनला ऐकवत. तो मान डोलवी आणि दुसऱ्या दिवशी इंटरकॉमवर सांगे, "दुर्बीणबाई, तुमचं पार्सल आलंय."

त्यांचे काम असे होते. जुन्या सूक्ष्मदर्शकांवर, पायाशी किंवा नळीच्या मुळाशी, कारखान्याने कोरलेला एक क्रमांक असतो. तो क्रमांक नीट वाचता आला, तर कारखान्याच्या जुन्या नोंदींशी ताडून ते यंत्र कोणत्या साली घडले आणि कोणत्या शहरातल्या कोणत्या व्यापाऱ्याकडे रवाना झाले, हे सांगता येते. जर्मनीतल्या एका जुन्या कंपनीच्या दप्तरखान्याशी बाईंचा वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार होता. कुणाच्या आजोबांचा दवाखाना आवरताना, कुठल्या महाविद्यालयाचे कपाट रिकामे करताना एखादा सूक्ष्मदर्शक सापडला, की त्याची छायाचित्रे फिरत फिरत बाईंच्या फोनवर येत. काही जण यंत्रच पाठवून देत. बाई त्याची जन्मवेळ शोधून कळवत. मोबदला घेत नसत.

ज्या डोळ्यांनी हे काम केले, ते डोळे मात्र मी तिथे राहायला आले तेव्हा निरोप घेऊ लागले होते. दोन्ही पडद्यांच्या मध्यभागी डाग पडला होता. कडेचे दिसे, मधले पुसले जाई. "मी जिकडे बघते, नेमकं तेवढंच मला दिसत नाही," असे त्यांनी मला पहिल्या भेटीत सांगितले. स्वरात तक्रार नव्हती, एखादे निरीक्षण नोंदवावे तसा तो होता. मग म्हणाल्या, "तुमचे डोळे रिकामे असतात का दुपारचे? थोडा वेळ उसने द्या."

अशा रीतीने मी त्यांची वाचक झाले. दुपारचे ऊन बाल्कनीतून तिरपे आत येई. टेबलावर जुन्या लाकडाचा, तेलाचा आणि पितळेचा तो किंचित आंबट वास दरवळत असे. जिभेवर नाणे ठेवल्यासारखा. बाई बोटाने जागा दाखवत, श्वास सोडत, आणि मी वाची. पहिल्याच दिवशी एका आकड्यापाशी मी अडले. "तिसरा आकडा जरा चंद्रकोरीसारखा आहे, दोन कोरी एकमेकींवर टेकलेल्या..." असे मी म्हणू लागले.

"अहो कवयित्री," बाई म्हणाल्या, "उपमा नको. आकडा सांगा. तीन की आठ?"

"तीन... असावा."

"असावा हा आकडा नाही. पुन्हा बघा."

पातळ कागद ठेवून वरून मऊ पेन्सिल फिरवली, बॅटरीचा झोत आडवा धरला, तेव्हा कळले की तो आठ होता. त्याची डावी बाजू कुणाच्या तरी अंगठ्याखाली झिजली होती. तेवढ्या एका झिजेने ते यंत्र आपल्या जन्मसालापासून पुष्कळ दूर गेले असते.

लोकांना त्यांच्याकडून बहुधा एकच ऐकायचे असे: वस्तू फार जुनी आहे आणि सगळी अस्सल आहे. बाई तसे म्हणत नसत. पुण्याच्या एका गृहस्थांनी फोनवर हट्टच धरला की त्यांच्या घरचा सूक्ष्मदर्शक पेशवाईपासूनचा आहे. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले. "पेशवाईत रक्त सांडत असत हो, तपासत नसत," त्या म्हणाल्या, आणि खरे साल सांगून टाकले. एका यंत्राचा पाय दुसऱ्याच यंत्राचा निघाला, तेव्हा त्यांनी मालकाला कळवले, "नळी खरी, पाय दत्तक. दत्तक असण्यात वाईट काही नाही. पण सांगायला हवं." त्या मालकाने नंतर त्यांचा फोन कधी उचलला नाही. असे पुष्कळ जण होते. खरे सांगणाऱ्या माणसाच्या दाराची घंटा दिवाळीतही फारशी वाजत नाही, हे मी त्यांच्या समोरच्या दारात राहून पाहिले आहे.

त्यांच्या स्वतःच्या घरात सूक्ष्मदर्शक एकही नव्हता. होती ती एक रिकामी पेटी. शिसवीची, उभी, एका कडीने बंद होणारी. आत यंत्राच्या पायासाठी कोरलेली खाच आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेली पिवळी चिठ्ठी, तिच्यावर क्रमांक. बाईंचे वडील, अण्णा, उरणला डॉक्टर होते. मिठागरांवर राबणारी माणसे थंडीतापाने कुडकुडत त्यांच्याकडे येत, आणि अण्णा त्यांच्या रक्ताचा थेंब काचेवर पसरून त्यातला हिवताप शोधत. लहानपणी बाई अण्णांच्या मांडीवर बसून सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू फिरवत. बाई मुंबईला वसतिगृहात असताना अण्णा अचानक गेले, आणि काकांनी दवाखाना आवरून सामान विकून टाकले. आईने तेवढी पेटी ठेवून घेतली, बांगड्या ठेवायला. पेटीतले यंत्र कुठे गेले ते कुणालाच ठाऊक नव्हते.

जगातल्या परक्यांच्या यंत्रांचे जन्म शोधता शोधता बाई खरे तर त्या एकाच क्रमांकाची वाट पाहत होत्या. आलेला प्रत्येक आकडा मी वाचला की त्या पेटीवरून एकदा हात फिरवत. मग म्हणत, "बरं. पुढे."

उरणजवळच्या एका गावातून तो फोटो आला, तेव्हा मी तो वाढवून पाहिला. पेटीतल्या खाचेत बसेल असाच, घोड्याच्या नालासारखा पाय. पाठवणारा तिथल्या एका घरचा मुलगा होता, कंटेनर यार्डात ठेके घेणारा. त्याला फक्त साल हवे होते. बाईंनी माझे वर्णन ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "पेटी घ्या बरोबर. जाऊन येऊ."

मिठागरांच्या जागी आता कंटेनरच्या रांगा उभ्या होत्या, पण वाऱ्याला अजून खारट चव होती. घर नवे, तीन मजली, संगमरवरी. दिवाणखान्यात देव्हाऱ्याशेजारी सूक्ष्मदर्शक ठेवला होता, आणि तो इतका झळाळत होता की खोलीत दुसरा दिवा लावल्यासारखे वाटत होते. त्याच्या नळीवर हळदीकुंकवाची बोटे होती. घरच्या आजी पदर सावरत पुढे आल्या.

"माझ्या सासऱ्यानं आनलेला, बाय. उरनच्या बाजारात कुन्या डागतरचा सामान इकत व्हते, तवा. घरात इद्येची वस्तू असावी म्हनला. दर दसऱ्याला आमी पूजतो. चिंच लावून घासतो, मंग फूल वाहतो. बगा कसा सोन्यावानी हाय!"

चिंच म्हटल्यावर बाईंच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकले. "कुठल्या डॉक्टरांचा, आजी?"

"त्ये कसं सांगू? मी तवा नवी नवरी. मान खाली घालून बसलेली."

बाईंनी यंत्र मांडीजवळ ओढले, वाकून श्वास सोडला. पितळ धूसर झाले, पुन्हा उजळले. काही उभे राहिले नाही. त्यांनी पुन्हा श्वास सोडला. कितीतरी दसऱ्यांच्या चिंचेने, कितीतरी हातांच्या भक्तीने तो पृष्ठभाग तांदळाच्या दाण्यासारखा गुळगुळीत झाला होता. मी कागद ठेवला, पेन्सिल फिरवली. शेवटचे दोन आकडे आले: चार आणि एक. आधीच्या जागी नुसत्या रेषा होत्या.

"ही बाईंच्या वडिलांची," असे आजींना सांगत मी पेटीचे दार उघडले. चिठ्ठीवरचे शेवटचे आकडे चार आणि एकच होते.

"बाई, दोन जुळतात."

"जुळतात तेवढे जुळतात. त्याच्या आधीचा?"

चिठ्ठीवर त्या जागी सात होता. मी कागदावरच्या रेषेकडे पाहिले, आणि पाहता पाहता ती रेष वर वळू लागली, तिला माथा फुटू लागला. तोवर सारे काही समजून चुकलेल्या आजी म्हणाल्या, "तुमच्या बापाचा असंल तर न्या, बाय. बापाची वस्तू लेकीकडंच बरी."

"खरंच न्या मॅडम," मुलगाही म्हणाला. "आजीच हो म्हणते तर."

"सात," मी म्हणाले. "सात असावा."

बाईंनी माझ्याकडे तोंड वळवले. जिथे मी होते तिथून किंचित बाजूला, कारण तिथूनच मी त्यांना दिसले असते. "असावा, की आहे?"

देव्हाऱ्यातली उदबत्ती जळत होती. बाहेर कुठेतरी ट्रक मागे येताना टूंटूं वाजत होता. "असावा," मी म्हणाले.

"मग नाही." त्या आजींकडे वळल्या. "साल नाही सांगता येणार. पण वस्तू उत्तम आहे आणि ती तुमचीच आहे. फक्त चिंच लावू नका. कोरडं फडकं पुरे."

"कोरड्यानं कसा चमकंल?"

"नको चमकू दे. त्यालाही वय झालंय."

आजी हसल्या. मग जरा संकोचून त्यांनी विचारले, "पर ह्यातून बगतात काय, बाय? सत्तर दसरे पूजला आसंल, कंदी कुनी बगितला नाय."

बाईंनी कांदा मागवला. त्याचा पातळ पापुद्रा काचेवर पसरला, खालचा आरसा चाचपत खिडकीतल्या उजेडाकडे वळवला आणि आजींना स्टुलावर बसवले. "स्पष्ट झालं की सांगा." स्वतःला नीट दिसत नसताना त्या नुसत्या बोटांनी स्क्रू फिरवू लागल्या. एका जागी त्यांची बोटे थांबली. मागे आली. पुन्हा तिथवर गेली, पुन्हा थांबली. मग पुढे सरकली.

"आली, आली!" आजी ओरडल्या. "इटांची भित हाय, बाय! पानी लावलेली भित!"

मुलगा म्हणाला, "आजी, सरक की, मला बघू दे." आजी काही सरकल्या नाहीत.

निघताना मी विचारले, पेटी तरी इथे ठेवू या का, यंत्र उघड्यावर राहते आहे. बाईंनी मान हलवली. "आपली चिठ्ठी त्याच्याबरोबर राहिली, तर उद्या कुणीतरी तोच त्याचा नंबर समजेल." परतीच्या वाटेवर टॅक्सीत ती रिकामी पेटी त्यांच्या मांडीवर होती. तिच्या आत कुणी झोपले असावे, तसे दोन्ही हात तिच्यावर ठेवून त्या बसल्या होत्या. त्यानंतर कुणाचे खोके त्यांनी उघडले नाही.

आता ती छायाचित्रे माझ्या फोनवर येतात. बाईंनीच माझा नंबर लोकांना देऊन ठेवला आहे. जे वाचता येते ते मी वाचते. जे येत नाही ते तसे कळवते. काहींचे उत्तर पुन्हा येत नाही.

बाई नेऱ्याच्या बाजूच्या वृद्धाश्रमात राहायला गेल्या त्या सकाळी मी त्यांना हाताला धरून खाली आणले. आश्रमाची गाडी यायची होती. वॉचमनने न सांगता खुर्ची आणून ठेवली. करंजाच्या झाडाची कोवळी पाने उन्हात ओली दिसत होती, आणि मला विचारल्यावाचून राहवले नाही. "त्या घरी स्क्रू फिरवताना तुमची बोटं एका जागी थांबली होती."

"थांबली होती. तिथे तो अडखळतो." त्या किंचित हसल्या. "अण्णांचाही तिथेच अडखळायचा."

"म्हणजे तो अण्णांचाच होता!"

"जुनं तेल घट्ट झालं की सगळेच अडखळतात."

"पण तुम्हाला काय वाटतं?"

गाडी फाटकातून आत वळत होती. बाईंनी तिच्या आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"अण्णांचाच होता, असं वाटतं," त्या म्हणाल्या. "मला तो अण्णांचा हवाच होता, म्हणून तर मी बोलले नाही. आता हात द्या, पायरी आहे ना इथे?"