नर्सरीसाठी बसवलेला लोडर

माझ्या बायकोनं नर्सरी बंद करायचं ठरवलं, तेव्हा घरात कुणी रडलं-भेकलं नाही. कमरेचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी वजन उचलायला साफ मनाई केली होती, आणि नर्सरी म्हणजे दिवसभर उचलणंच. माती, शेणखत, भरलेल्या कुंड्या. नेहरू नगरच्या मागं भाड्यानं घेतलेली ती जागा दिवाळीला सोडते, असं तिनं जागेच्या मालकाला सांगूनही टाकलं. मला मात्र राग आला. कुणावर, ते आजही सांगता येणार नाही. सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये तिनं फुटक्या बादल्यांत रोपं लावायला सुरुवात केली होती, आणि मी स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यावर घरात जी काही हालचाल उरली होती, ती या नर्सरीमुळेच होती.

आमच्याकडे कुंड्यांची ट्रॉली ओढायला एक जुना मिनी ट्रॅक्टर होता. तो तीच चालवायची. त्याच्या पुढं लोडर बसवला तर उचलायचं काम मशीन करील, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं. कबाडीच्या, म्हणजे भंगारवाल्याच्या, आवारात एक लोडर गवतात पडलेला सापडला. दोन लांब हात, पुढं गंजलेली बकेट आणि उचलायला तेलाच्या दाबावर चालणारे चार सिलिंडर, त्यांतले दोन गळके. बायको म्हणाली, "हे कोणाचं मढं आणलं जी?"

प्लांटमधल्या माझ्याच शॉपमधून रिटायर झालेला एक वेल्डर मित्र मदतीला आला. आम्ही सिलिंडर उघडले, रॉड घासून चकचकीत केले, नवीन सील घातले. झिजलेल्या पिना बदलल्या, बुश लेथवर करून आणले. होज पाइप बदलल्यावर बकेट हवेत सुरळीत वर-खाली होऊ लागली, तेव्हा आम्ही दोघं लग्नात नाचावं तसे खूश झालो.

घोडं अडलं ते पुढं. लोडर दुसऱ्याच ट्रॅक्टरचा, त्यामुळं बसवायची चौकट आम्हालाच करायची होती. आता प्लांटच्या माणसाला एक खोड असते. लोखंड त्याला कधी जाड वाटतच नाही. जिथं बोटभर प्लेट पुरली असती, तिथं आम्ही दोन बोटं जाड लावली. मित्र म्हणायचा, "अजून एक पट्टी मारून घेऊ, मजबूत होते." मी म्हणायचो, "मार." असं करत करत ट्रॅक्टरचं पुढचं धूड रणगाड्याएवढं झालं.

विश्वकर्मा पूजेला नारळ फोडून मी सीटवर बसलो. बायको कमरेला पट्टा बांधून खुर्चीवर बसली होती. ओलं शेणखत बकेटमध्ये घेतलं, लिव्हर ओढला आणि बकेट वर जायच्या आधी मागची चाकंच जमिनीवरून सुटली. ट्रॅक्टर नाकावर ओणवा झाला. कशीबशी बकेट खाली टेकवली.

मित्र म्हणाला, "पंप कमजोर दिसते."

"तुह्या डोक्याचा पंप कमजोर आहे!" मी ओरडलो. तो हातमोजे टाकून घरी गेला.

लोडर परत कबाडीत नेऊन टाकतो, असं मी जाहीर केलं. बायको खुर्चीवरून उठली. तिनं ट्रॅक्टरभोवती हळूहळू एक फेरी मारली. ती भंडाऱ्याकडची, शेतकऱ्याची लेक.

"नाकापरीस मोती जड केला तुमी," ती म्हणाली. "माहा बाप बंडीत धानाचे पोते भरे. पुढं जास्त झाले का बैलाच्या मानेवर येये, मांगं जास्त झाले का बंडी उलार होऊन मांगं कलंडे. तुमी सारं वजन पुढंच टाकून राहिले. मांगं कावून नाई काई?"

जन्म क्रेनखाली गेला माझा. क्रेनला मागं वजन लागतं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण चौकट बनवताना मनात एकच धास्ती होती, की ही तिच्या अंगावर मोडून पडू नये. त्या धास्तीपायी मी पट्टीवर पट्टी चढवत गेलो. हे तिला सांगितलं, तर ती हसली आणि म्हणाली, "मंग भेव कमी करा थोडं."

मित्राच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यानं गॅस कटरनं आपलीच सुंदर वेल्डिंग कापून जादाच्या पट्ट्या काढल्या. कापताना त्याचं तोंड बघवत नव्हतं. मागच्या बाजूला काँक्रीट भरलेला ड्रम टांगला. बकेट अर्धीच भरायची, असा नियम बायकोनंच घातला.

या वेळी सीटवर ती बसली. मी बाजूला उभा राहून लिव्हरकडे हात नेला.

"हात काढा जी."

बकेट वर गेली. मागची चाकं जागची हलली नाहीत. तिनं खत वाफ्यावर ओतलं, ट्रॅक्टर मागं घेतला, बकेट पुन्हा भरली. चौथ्या फेरीनंतर इंजिन बंद करून तिनं जागेच्या मालकाला फोन लावला आणि त्याच्या हिंदीत ठणकावून सांगितलं, जागा सोडत नाही.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "उद्यापासून तुमी घरीच बसा. माह्यं मी करून घेईन."

रिटायर झालेल्या माणसाला 'घरी बसा' हे शब्द फार लागतात. त्या दिवशी ते ऐकून मला आनंदानं रडू आलं, आणि मित्रासमोर मी ते लपवलंही नाही.